पेपर वाचणारी बाई

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण गावच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी मोठ्याने पेपर वाचायचा मान चाळीस वर्षं माझाच होता.

त्या साली दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध काळा डाग आला, अक्षर दिसेना. अकोल्याचा डॉक्टर म्हणाला, चष्म्याचा आता उपयोग नाही. मी कोणाजवळ बोललो नाही. पण अमरावतीला नोकरीवर असलेल्या लेकाने ओळखलंच, अन् न विचारता एक फोन आणला. कागदावर धरून बटन दाबलं की त्यातली बाई छापलेलं सगळं वाचते. तो त्याने घरी दाखवायचा, तर टपरीवर माझ्या माणसांसमोर सुरू केला. बाईने पानभर बातम्या धडाधड वाचल्या.

माझा जुना दोस्त, ज्याला अक्षर येत नाही, तो म्हणाला, "बुढ्या, तुह्यापेक्षा हे बाई बरी. मधात खाकरत तं नाही!"

सगळे हसले. लेकही हसला.

"मंग उद्यापासून तिलेच चहा पाज," म्हणून मी उठलो.

लेक मागून आला. "बाबा, राग काहून धरता? तुमच्यासाठीच आणला ना."

"माह्यासाठी आणला, अन् माह्या जागेवर बसवला."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसचा पेपर मी स्टँडवरच घेतला. गोठ्यात बसून त्या बाईकडून पहिलं पान तीनदा वाचून घेतलं अन् फोन कडब्यात खुपसला. मग टपरीवर गेलो, फोटो पाहून पेपर सुलटा धरला अन् सगळं पान म्हणून दाखवलं. मधात दोनदा मुद्दाम खाकरलो.