खालची डिस्क

रेनो कांगस कुणालाही मदतीला बोलावत नसे, हे कॅल्युमेट गावात सगळ्यांना ठाऊक होतं. रस्त्यावरचा बर्फ ढकलायची काउंटीची गाडी त्याने उभा जन्म चालवली. ती भर वादळात बंद पडली तरी गॅरेजला कळवायच्या आधी तो स्वतः बॉनेटखाली डोकं घालायचा. घराचं छप्पर त्याने घातलं, अंगणातला सौना, वाफेने न्हायची खोली, त्याने बांधला. लेकीच्या दातांना तार बसवायचं काम तेवढं डॉक्टरकडे गेलं, असं त्याची बायको ऐली आल्यागेल्याला सांगायची आणि वर म्हणायची, "तेही त्या दिवशी पक्कड सापडली नाही म्हणून."

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर आला तो लेकीमुळे. मार्लिस मिनिआपोलिसला नोकरी करायची. आईवडिलांशी पत्रापत्री व्हावी, फोटो पाठवता यावेत म्हणून तिने तो आणून बसवला. पण त्याचा खरा उपयोग झाला तो आजीच्या कॅसेटांसाठी.

ऐलीची आई हिल्या शेवटची काही वर्षं त्यांच्याकडेच होती. तांब्याच्या खाणीवर कामाला आलेल्या फिनिश माणसांच्या खानावळीत तिने तरुणपणी भाकऱ्या थापाव्यात तसे पाव थापले होते. इंग्रजी तिला येत होतं, पण ते ती दुकानापुरतं ठेवायची. घरात सगळं फिनिश. दुपारी कॉफी झाली की ऐली टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवायची आणि म्हातारी बोलत सुटायची. खानावळीतली भांडणं, कुणाचं लग्न कसं मोडलं, इकडे येताना आगबोटीत कोण रडलं, कोण नाचलं. म्हातारी गेली तेव्हा कॅसेटांनी एक खोकं भरलं होतं.

मार्लिसने एका सुट्टीत बसून त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. पुढे तळघरात पाणी झिरपलं आणि खोक्याला बुरशी धरली. रेनोने ते वर आणलं.

"या ठेवायच्या का गं?"

ऐलीने वास घेतला आणि नाक मुरडलं. "कॉम्प्युटरात आहेत ना सगळ्या?"

"आहेत."

"मग कशाला?"

रेनोने खोकं नेऊन कचऱ्याच्या डेपोत टाकलं. त्या दिवशी दोघांनाही घर जरा मोकळं झाल्यासारखं वाटलं.

चारेक वर्षांनी, पानगळीच्या दिवसांत, कॉम्प्युटर कुरकुरू लागला. सुरू व्हायला वेळ घ्यायचा, मध्येच थिजायचा, आणि आतून दाताखाली खडा यावा तसा आवाज यायचा. रेनोने पेटीला कान लावला आणि गाडीच्या इंजिनाचं करायचा तसं निदान करून टाकलं. "हार्ड डिस्क. बेअरिंग गेलं असणार."

मार्लिसला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, दुकानात द्या ना. करून देतील."

"चार स्क्रू काढायला दुकान?"

"बरं, मग नीट ऐका. आधी आजीच्या फायली सीडीवर काढून घ्या."

"दोन्ही डिस्क एकाच पेटीत बसणार आहेत. नवीवर सिस्टीम चढवली की जुनीवरचं सगळं तिच्यावर ओढून घेतो. सीडी कशाला मध्ये?"

"निदान नवी लावाल तेव्हा जुनीची वायर काढून ठेवा. आणि घ्यायचीच तर मोठी घ्या, दुप्पट मोठी. किमतीत फारसा फरक नाही."

"मार्लिस, तुझी पहिली सायकल कुणी जोडली?"

"तुम्हीच. आणि तिचं हँडल उलटं होतं."

रेनो हसला. फोन ठेवण्याआधी मार्लिसने वायरीचं पुन्हा एकदा सांगितलं. तो "हो गं, हो" म्हणाला.

जवळच्या हॉटन गावातल्या दुकानात गेल्यावर मात्र त्याने आपलंच केलं. काउंटरवरच्या मुलीने मोठी डिस्क पुढे केली, तर म्हणाला, "जुनी अजून अर्धी रिकामी आहे. मोठीत काय गवत भरू?" त्याने खिशातून चिठ्ठी काढली आणि जुनी होती त्याच कंपनीची, तेवढीच, अगदी तस्सीच डिस्क मागून घेतली. गाडीचा पार्ट बदलताना तो असंच करायचा. जो भाग निघाला तोच बसला पाहिजे, म्हणजे नंतर कटकट नको. वाटेत त्याला आपल्या निवडीचं समाधानच वाटत होतं.

घरी आल्यावर त्याने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली आणि पेटी आडवी केली. आतली धूळ फुंकून काढली. नवी डिस्क जुनीच्या खालच्या खणात सरकवली, चारही स्क्रू आवळले, पट्टीसारखी चपटी वायर लावली. काम इतकं सफाईदार झालं की त्याने ऐलीला हाक मारून दाखवलं.

"बघ."

"काय बघू? दोन डबे दिसतायत."

"दोन डबे नाहीत. जुळी भावंडं आहेत."

"बरं बाई, सुखरूप झाली ना," म्हणून ऐली ओट्याकडे वळली. ती निसू करत होती, वेलदोडा घातलेला गोड पाव. घरभर वास सुटला होता.

मग त्याने सीडी घालून सिस्टीम चढवायला घेतली. निळ्या पडद्यावर दोन डिस्कांची नावं आली. वरची जुनी, खालची नवी, रिकामी. त्याने खालची निवडली. थोडं काम झालं, मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, आणि पाहतो तो जुनीच सिस्टीम रखडत वर आली. रेनोने पुस्तिका काढली. तिच्यात लिहिलं होतं, की दोन डिस्कांत मुख्य कोण आणि दुय्यम कोण हे मागच्या टाचण्यांवर बसवायच्या एका इवल्या टोपीने ठरतं. त्याने पेटी पुन्हा उघडली, टोप्या बदलल्या, नवीला मुख्य केलं. जुनीची वायर त्याच्या हाताशीच होती, पण ती खाचेत घट्ट बसली होती आणि बोट घालायला जागा नव्हती. निघत होती तेवढी हलवून पाहिली आणि सोडून दिली.

पुन्हा निळा पडदा. पुन्हा दोन नावं. आता दोघींवरही काहीतरी होतं, दोघी सारख्याच आकाराच्या होत्या आणि आकडे तंतोतंत जुळत होते. टोप्या बदलल्या म्हणजे यादीतली जागाही बदलली, हे त्याच्या लक्षात आलं नाही. मघाशी खालची नवी होती, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पेटीतही नवी खालच्याच खणात होती. त्याने खालची निवडली. सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं मशीनने विचारलं. त्याने चालेल म्हटलं. मशीनने पुन्हा विचारलं.

"हो रे बाबा," रेनो मोठ्याने म्हणाला आणि बटण दाबलं.

या खेपेला सगळं सुरळीत झालं. पडद्यावर नव्या सिस्टीमचं, हिरव्या माळरानाचं चित्र आलं. रेनोने पाठ टेकली, आणि तेव्हा त्याला तो आवाज ऐकू आला. दाताखाली खडा यावा तसा. नवी डिस्क तर मुकी असायला हवी होती. त्याने पेटीच्या आत हात घालून वरच्या खणातल्या डब्यावर बोटं ठेवली. काम करत होती ती जुनी.

त्याने दुसरी डिस्क उघडून पाहिली. मघाशी अर्धवट चढलेली सिस्टीम, बाकी रिकामी. पहिली उघडून पाहिली. नुकत्याच चढवलेल्या सिस्टीमशिवाय तिच्यावर काही नव्हतं. तो कितीतरी वेळ पडद्यावरची तीच एक खिडकी उघडत आणि मिटत राहिला.

"झालं का?" ऐलीने विचारलं.

"ऐली, जरा बस इथे."

"हाताला पीठ आहे. असंच सांग."

"आईच्या टेपा गेल्या."

"गेल्या म्हणजे? कुठे गेल्या?"

"मी पुसल्या."

ऐलीने हात तसेच अधांतरी धरले. "सगळ्या?"

"सगळ्या."

ती नळाकडे गेली. हात धुवून झाले तरी पाणी वाहत होतं. पाठमोरीच म्हणाली, "मार्लिस बोलली होती तुला. वायरीचं."

"हो."

"मी ऐकत होते. दोनदा बोलली."

"हो."

पाव करपायला लागला होता. तो तिने बाहेर काढला, फडक्यात गुंडाळला आणि झोपायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तिने भांडी आपटली असती, शिव्या घातल्या असत्या, तर रेनोला सोसलं असतं. तिने दुसऱ्या दिवशी त्याला नेहमीसारखी कॉफी दिली. हे त्याला फार जड गेलं.

मार्लिस फोनवर रडली आणि मग स्वतःवरच चिडली. "मीच सीडी करून ठेवणार होते, बाबा. दर सुट्टीला म्हणायचे, पुढच्या वेळी करू."

आयुष्यात पहिल्यांदा रेनो कांगस दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून बसला. पुसलेलं परत काढून देणारा व्हर्न नावाचा माणूस होता, स्वभावाने मवाळ. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पुसून थांबला असतात ना, तर बहुतेक मिळालं असतं," तो म्हणाला. "तुम्ही वर सिस्टीम चढवलीत. ओल्या सिमेंटवरून रोलर फिरवल्यासारखं झालं ते. बघतो मी. पण आशा धरू नका."

"तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या."

"एक विचारू? दोन्ही सारख्याच का घेतल्या?"

रेनोने टोपी गुडघ्यावर फिरवली. "मला वाटलं, त्यात चूक व्हायला जागा राहणार नाही."

व्हर्नच्या हाती लागले ते तुकडे. कुठे दोन शब्द, कुठे नुसती घरघर, कुठे म्हातारीचा खोकला. एक तुकडा मात्र अखंड निघाला. ऐली आणि रेनो दोघांनी तो शेजारी बसून ऐकला. कपबश्यांचा आवाज होता. हिल्या खानावळीतल्या कुणा दारुड्याची नक्कल करत होती. तेवढ्यात दार वाजलं आणि रेनोचा आवाज आला, "चाललो मी."

"रेनो, बस ना जरा," म्हातारी म्हणाली. "कॉफी गरम आहे."

"नको आई, गाडीखाली काम पडलंय."

दार लागलं. मग हिल्या हसत लेकीला म्हणाली, "जाऊ दे त्याला. माणूस सोन्यासारखा आहे. पण त्याने आपल्याकडे बघावं असं वाटत असेल, तर आपल्याला नादुरुस्त गाडी व्हायला पाहिजे."

ऐली खळखळून हसली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच. रेनोही हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. फिनिश त्याच्या स्वतःच्या आईचीही भाषा होती, त्याला प्रत्येक शब्द कळला होता. तेव्हा टेबलाशी बसला असता, तर तो सगळंच ऐकू शकला असता.

नाताळला मार्लिस घरी आली ती खिशात मावेल एवढा रेकॉर्डर घेऊन. "आई, आजीचं तुला आठवतंय ते सांग. जसं येईल तसं." ऐलीने आढेवेढे घेतले, मग सांगू लागली. रेनोने खुर्ची ओढली आणि तोही बसला. बाहेर त्याच्या जागी आलेला नवा ड्रायव्हर बर्फ ढकलत होता, पण रेनो उठून खिडकीशी गेला नाही.

सांगता सांगता ऐली गाय दोहतानाच्या गाण्यावर आली. हिल्याने लहानपणी स्वतःच रचलेलं. पहिलं कडवं तिने म्हटलं. उभी राहा गं काळे, बादली अजून रिकामी, बाहेर लांडग्याची थंडी आणि आत तुझी ऊब. मग ती अडखळली.

"पुढे ती गायीला कसलं तरी वचन द्यायची. काय बरं द्यायची?" तिने कपाळ चोळलं. मग नवऱ्याकडे वळली. "रेनो, रोज म्हणायची रे ती. भांडी घासतानासुद्धा. तू घरातच असायचास. आठवतंय काही?"

रेनोने डोळे मिटले. गाणं त्याने शेकडो वेळा ऐकलं होतं, तळघरातून, गॅरेजमधून, हातात पाना असताना. चाल त्याच्या जिभेवर आली. शब्द आले नाहीत.

"नाही," तो म्हणाला. "चाल तेवढी आहे."

मार्लिसने वडिलांकडे पाहिलं आणि रेकॉर्डर त्यांच्यासमोर सरकवला. "तीच द्या, बाबा."

रेनोने घसा खाकरला. आवाज भसाडा होता आणि मध्येच फाटला, पण त्याने ते कडवं, शब्दांवाचून, शेवटपर्यंत गुणगुणलं.