आईकडून काढून घेतलेला उद्गार

गुड फ्रायडेला आमच्या देवळात दुपारी बारा ते तीन उपासना असते. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. येशू वधस्तंभावरून जे सात उद्गार बोलला त्यांवर त्या दिवशी सात जण बोलतात. एखादा उद्गार पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, घेतात, बाकीचे देवळाची कमिटी मंडळीत वाटते. शिक्षकांना मिळतो, रिटायर कंपाउंडरना मिळतो, तरुण संघातल्या एखाद्या पोराला मिळतो. माझी आई सातवी शिकलेली, मजुरीनं कांदे काढायला जाणारी बाई. तिला आयुष्यात पहिल्यांदा उद्गार मिळाला. पाचवा, तहानेचा: 'मला तहान लागली आहे.'

सोनईच्या अलीकडच्या आमच्या गावात मार्च संपता संपता कांद्याच्या वावरात उभं राहवत नाही. त्या वर्षी गुड फ्रायडे रमजानात आला होता. भिंतीला भिंत लागून असलेल्या भाभीचे रोजे आणि ईस्टरआधीचा आमचा चाळीस दिवसांचा उपासकाळ एकमेकांत मिसळले होते. आई आणि भाभी एकाच टोळीत कामाला जातात. आमचे उपास सोपे. मटण बंद, चहा बंद, पाणी हवं तितकं. भाभी मात्र उन्हात बसून दिवसभर कांद्याची पात कापायची आणि घोटभर पाणी घ्यायची नाही.

उद्गार मिळाल्यावर आई काही दिवस बायबलातला तोच अध्याय काढून वाचत होती. मग म्हणाली, "मी तहानेवर काय बोलू? मला तहान लागली की मी तांब्या बुडवते." आणि तिनं ठरवलं, गुड फ्रायडेपर्यंत भाभीसारखं पाण्याशिवाय राहायचं.

"तुला कुणी सांगितलंय गं?" भाभी म्हणाली. "मला सुटका न्हाई, फर्ज हाय."

"तुला देवानं सांगितलं, मला कमिटीनं."

पहिल्याच दुपारी आईला भोवळ आली. "पी गुमान," भाभी म्हणाली. "तू पी, मग मी पिते," आई म्हणाली. दोघीही प्यायल्या नाहीत. संध्याकाळी अजान झाली की आमच्या ओट्यावर खजूर आणि पाण्याचा तांब्या मध्ये ठेवून बसायच्या. भाभी तिची दुआ पुटपुटायची, आई तिची प्रार्थना. मग पाणी. आणि पाणी पोटात गेलं की भांडण.

"तुमचं एक पटत न्हाई मला. देवाला पोरगा कसा आसंल?"

"आन तुमचं मला पटत न्हाई. त्याला बाप म्हनायचं न्हाई, मग हाक कशी मारायची?"

"हाक मारायला नव्व्याण्णव नावं हायेत."

"त्यात बाप हाय का?"

"न्हाई."

"मग येवढी नावं घिऊन केलं काय?"

"खजूर खा," भाभी म्हणायची.

हे भांडण मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ते मिटलेलं नाही आणि मिटावं असं मला वाटतही नाही. सगळे देव एकच, असं गुळगुळीत बोलून हात झटकणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. भाभीच्या श्रद्धेप्रमाणे ईसा, म्हणजे आमचा येशू, वधस्तंभावर मेलेच नाहीत, देवानं त्यांना वर उचलून घेतलं. माझी आई त्याच वधस्तंभावरच्या तहानेसाठी उपाशी होती, आणि ती गोष्ट घडलीच नाही असं मानणाऱ्या बाईच्या शेजारी बसून पाणी पीत होती. हा फरक लहान नाही. दोघींनाही तो पुरता ठाऊक होता.

कुणीतरी पाळकसाहेबांना सांगितलं, "मावशी रोजे धरते." पाळकसाहेब नवे, शहरातून आलेले. त्यांनी आईला कमिटीपुढे बोलावलं. मी सोबत गेले.

टेबलावर एक पत्रिका होती. मी पत्रिकांवरच वाढले. वडील बाजारच्या दिवशी सोनईत सुवार्तेच्या, म्हणजे येशूचा संदेश सांगणाऱ्या, छापील पत्रिका वाटायचे आणि उरलेला गठ्ठा घरी आणायचे. त्यांवर मी अक्षरं लावायला शिकले, वाद घालायलाही शिकले. चांगली पत्रिका वाचणाऱ्याला अस्वस्थ करते आणि निर्णय त्याच्यावर सोडते. या पत्रिकेत मधोमध रेघ होती. डावीकडे त्यांचा देव, उजवीकडे आपला. सही करायची जागा तेवढी छापायची राहिली होती.

"मावशी, उपास कुणासाठी धरला?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"तहानेसाठी."

"तसं नाही. सोडता कुणासमोर?"

"देवासमोर."

"त्यांचा अल्ला आणि आपला स्वर्गीय बाप एक नाही. एवढं तुम्ही इथं म्हणा. मग उद्गार तुमचाच आहे."

कंपाउंडर कनवाळूपणानं म्हणाले, "म्हणून टाका की बाई. शब्दच तर आहेत."

आई उभीच होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. "ज्यानं आभाळ केलं त्याला ती हाक मारती. मी बी त्यालाच मारते. ती त्याच्याबद्दल सांगती त्यातलं निम्मं मला पटत न्हाई. पर दोन सुना सासूवरून भांडल्या म्हून सासवा दोन होत न्हाईत."

एकजण हसला. पाळकसाहेब हसले नाहीत. "ही थट्टा नाही, मावशी."

"मी कुठं करते? तुमी म्हनता तसं आसंलही. मला ठाऊक न्हाई. ठाऊक न्हाई ते ठाऊक हाय म्हनून देवळात उभी कशी राहू?"

उद्गार काढून घेतला गेला.

पाळकसाहेबांचं मत वेगळं आहे, याचा मला राग नाही. या प्रश्नावर विद्वानांनी डोकी फोडून घेतली असतील, त्यांनीही घ्यावीत. पण त्या खोलीत देवाबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. शेजारणीला नाकार, मग आत ये, एवढंच विचारलं होतं. माझ्या पणजोबांना गावातल्या देवळाची पायरी चढू देत नव्हते. ते या देवळात आले ते इथं दारात कुणी जात विचारली नाही म्हणून. आता त्याच दारात माझ्या आईला विचारतात, संध्याकाळी तू कुणाबरोबर पाणी पितेस? आणि विचारणाऱ्यांना स्वतःची लाज वाटत नाही, उलट आपण श्रद्धा राखली असं वाटतं. भाभीच्या बाजूलाही असे राखणदार आहेतच. तिच्या पुतण्यानं तिला हटकलं होतं, देवाला भागीदार जोडणाऱ्यांसोबत इफ्तार कशाला? "तू आधी एक रोजा पुरा कर," असं सांगून तिनं त्याला घालवलं.

गुड फ्रायडेला पाचवा उद्गार तरुण संघातल्या एका पोरानं घेतला. तहान हे आत्म्याच्या ओढीचं प्रतीक आहे, असं त्यानं सांगितलं. मध्येच घसा कोरडा पडला तसा बाटलीतून पाणी प्यायला. आई मागच्या रांगेत बसून ऐकत होती. त्या दिवशीही तिच्या पोटात पाणी नव्हतं.

बाहेर पडताना बायकांनी तिला घेरलं. "आता सांग की, काय बोलनार हुतीस?"

"ते देवळात बोलायचं हुतं."

"बसू की हितं झाडाखाली."

"न्हाई. देवळात."

संध्याकाळी भाभीनं खजूर पुढं करत विचारलं, "झालं का बोलून? नीट झालं?"

"दुसऱ्याला दिला."

"का गं?"

"त्याचा आवाज चांगला हाय," आई म्हणाली.

मी तोंड उघडलं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. भाभीला खरं कारण आजही ठाऊक नाही.

आणि त्या दिवसांत तहानेबद्दल आईला काय कळलं होतं, ते मला ठाऊक नाही. मी पुन्हा पुन्हा विचारलं. ती म्हणते, "ज्यांनी मागितलं हुतं त्यांनीच नको म्हनलं. आता तुला कशाला?"