हवेचे तीन वाटे

"माह्यं तू पाह्य, तुह्यं मी पाह्यतो."

व्याख्यानाला उभे राहिले की मिस्त्रींचं पहिलं वाक्य हेच. मग ते सभागृहातल्या प्रत्येकाला शेजाऱ्याकडे वळायला लावायचे. गुंड्या लागल्यात का, चपलेचा अंगठा धड आहे का, खिशातून काही पडायला आलंय का, पाहा आणि सांगा. पहिल्याच खेपेला आमच्या प्राचार्यांच्या सदऱ्याची मधली गुंडी उघडी निघाली. शेजारी बसलेला शिपाई ते सांगायला धजेना. मिस्त्री म्हणाले, "सांगा भाऊ. पाण्याखाली साहेब कोणीच नसते." प्राचार्य हसले, गुंडी लावली, आणि व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच टाळ्या पडल्या.

खोल पाण्यात जाणाऱ्यांचा तो रिवाज. अंगावरचे पट्टे, नळ्या, टाकी सोबत्यानं तपासल्याशिवाय उतरायचं नाही.

मिस्त्री यवतमाळचेच. घराण्याचं इंजिन दुरुस्तीचं दुकान. तरुणपणी ते बंदरावर कामाला गेले, तिथून आखातात. बुडालेल्या जहाजांच्या पोटात आणि धरणांच्या बोगद्यांत शिरून काम करू लागले. फार खोलात साधी हवाच माणसाला दारूसारखी चढते, म्हणून तिच्यात हेलियम मिसळावा लागतो, हे मला पहिल्यांदा त्यांच्याकडून कळलं. त्या कामात डावा कान गेला, तेव्हा परत येऊन वडिलांच्या दुकानात पान्हे घेऊन बसले. आम्ही 'सर' म्हटलं की ते डावा कान पुढे करायचे. 'मिस्त्री' म्हटलं की उजवा.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, बोरी अरबहून आलेला, आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस. कॉलेजच्या साहस मंडळाचा सचिवही मीच, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. मंडळाचा सायकलचा पंप दुरुस्तीला घेऊन गेलो, तर दुकानात एक फोटो टांगलेला. काळा रबरी पोशाख, पाठीवर दोन टाक्या.

"हे कोण?"

"मीच. तोंड दिसत नाही म्हणून चांगला दिसून राह्यलो."

महिन्याभरात आमची जाहीर व्याख्यानं सुरू झाली. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सर्वांना मुक्त प्रवेश. समुद्र आमच्यापासून शेकडो कोस आणि शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा. गेटावरचा फलक वाचून चहावाला म्हणाला, "प्यायले पाणी नाही, अन् हे बुडायचं शिकवून राह्यले!" पहिल्या रविवारी अकरा माणसं आली. त्यांतली चार पंख्यासाठी.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बाहेरून गाड्या यायच्या, माणसं कॅमेरे घेऊन उतरायची, आणि आमच्या जिल्ह्याचं नाव एकाच कारणानं छापून यायचं. अशा दिवसांत सहाव्या व्याख्यानाची चार ओळींची बातमी आली: यवतमाळात खोल पाण्यातल्या शास्त्रावर सभागृह भरलं. ते कात्रण मी कितीतरी दिवस पाकिटात बाळगत होतो.

सभागृह भरलं ते मिस्त्रींच्या सांगण्यामुळे. बोगद्यात शिरताना हवा कशी वापरायची, हे ते बटईच्या शेतीच्या भाषेत सांगत. "टाकीतल्या हवेचे तीन वाटे करा. एक वाटा जायाचा, एक वाटा यायाचा."

"अन् तिसरा?" कोणीतरी विचारायचंच.

"तिसरा आपला नाहीच. तो सोबत्याचा. त्याची हवा सरली तर."

"अन् सोबती नसला तर?"

"तर उतराचंच नाही."

मग ते सोड्याची बाटली हलवून एकदम उघडत. पुढच्या रांगेवर फेस उडे. "खोलातून घाईनं वर आलं की रक्तात हे असं होते. बुडबुडे सांध्यात अडकतात. गुडघा धरते, खांदा धरते." लोक हसत शिंतोडे पुसत. मी मात्र त्या दिवशी हसू शकलो नाही. मला दादाचा गुडघा आठवला.

माझा थोरला भाऊ विहिरीत उतरून अडकलेले पंप सोडवायचा. त्याच्या त्या कमाईवर माझी फी भरली जायची. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर काठावर ठेवायचा, त्याची नळी दातात धरायची आणि चाळीस-पन्नास फूट पाण्याखाली जायचं. पाणी आटत चाललं तशा लोकांनी विहिरी खोल केल्या, आणि दादा आणखी खोल जाऊ लागला. वर आला की गुडघा धरून बसायचा आणि म्हणायचा, "वात आहे."

मी घरी जाऊन सोड्याच्या बाटलीचं सांगितलं. दादा म्हणाला, "दोन बुकं वाचून मले पाणी शिकवतं काय रे?"

म्हणून मी मिस्त्रींना म्हटलं, पुढचं व्याख्यान बोरीला घेऊ. कारण सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाजार कोण्या दिवशी असते?"

ते एसटीनं आले, एक टाकी पोत्यात गुंडाळून. कंडक्टर म्हणाला, सिलिंडर चालत नाही. मिस्त्री म्हणाले, "गॅस नाही साहेब, नुसती हवा आहे." "मंग हवेचं तिकीट काढा," म्हणत त्यानं सामानाचं तिकीट फाडलं. ते तिकीट मिस्त्रींनी शाळेच्या वऱ्हांड्यात सगळ्यांना दाखवलं आणि बाजार सोडून माणसं ऐकायला बसली. दादा मागे भिंतीला टेकून उभा होता.

मिस्त्रींनी दादाचाच कंप्रेसर मागवला. चालू केला, नळीच्या तोंडावर पांढरा रुमाल बांधला आणि बोलत राहिले. थोड्या वेळानं रुमाल सोडला तर मधोमध तेलाचा काळा डाग. तो त्यांनी दादाच्या हातात दिला. "हुंगा भाऊ. हे टायरसाठी ठीक आहे."

दादानं हुंगला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मिस्त्री, तुमच्याजवळ टाकी आहे म्हणून तुमी बोलता. आमी काय करावं?"

उत्तर यायच्या आधीच शाळेच्या फाटकातून एक शेतकरी आला. पंपाचा दोर तुटून पंप तळाच्या गाळात रुतला होता. बाग सुकत होती. "चाल गड्या, आत्ताच," तो दादाला म्हणाला. दादा त्या सकाळी दोनदा उतरून आला होता. तरी निघाला.

मिस्त्रींनी माईक ठेवला. "चला. बाकीचं विहिरीवर सांगतो."

सगळी सभा विहिरीवर. काठाभोवती माणसं दाटली. एवढी टाकी आणलेला माणूस आता उतरणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. मीही. मिस्त्रींनी दोरीला दगड बांधून पाणी मोजलं, बराच वेळ खाली पाहिलं आणि म्हणाले, "मी उतरत नाही."

"काहून?"

"टाकी एकच आहे. सोबती नाही. खाली मोकळे वायर अन् गाळ."

हशा पिकला. "हवेचं तिकीट वाया गेलं!" "भेला रे मिस्त्री!" माझे कान तापले. मंडळाचं नाव, कॉलेजचं नाव, सगळं त्या विहिरीत गेलं असं वाटलं. मी हळूच म्हणालो, "मिस्त्री, पाच मिनिटांचं काम आहे."

ते माझ्याकडे न बघता दादाला म्हणाले, "भाऊ, वरून काढू. मले मदत करा."

दादा नळी हातात घेऊन उभा होता. लोक त्याच्याकडे बघत होते. त्यानं नळी खाली ठेवली.

तीन बल्ल्या उभ्या करून तिकाटणं बांधलं, त्याला साखळीची कप्पी लावली. लोहाराकडून बादली काढायचा मोठा गळ आणला. आठ-दहा वेळा गळ रिकामा वर आला. तमाशा नाही म्हणून लोक पांगले. ऊन उतरायला लागलं तेव्हा गळ कशात तरी बसला. मिस्त्री आणि दादा साखळी ओढत होते, मी आणि शेतकरी दोर धरून. गाळानं माखलेला पंप काठावर आला तेव्हा टाळी वाजवायला कोणीच नव्हतं. दादाच्या तळहाताची साल निघाली होती. तो म्हणाला, "असंही निघते तर."

त्यानंतर दादा पाण्याखाली गेला नाही. त्यानं स्वतःचं तिकाटणं केलं, कप्पी घेतली. आज आसपासच्या गावांतले पंप तोच काढतो, काठावर उभा राहून. मी त्याला एकदा विचारलं होतं, रुमालामुळे का? तो म्हणाला, "नाही. ज्याले उतरता येते तो माणूस साऱ्या गावासमोर नाही म्हणला. मंग मले नाही म्हनायले काय जाते?"

मिस्त्री गेल्या उन्हाळ्यात गेले. मंडळ त्याआधीच बंद पडलं होतं. तुमच्या गावातही अशी माणसं असतील, दुकानात पान्हे घेऊन बसलेली, ज्यांच्याकडे सभागृह भरेल एवढं असतं.

यंदा दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. पहिली पत्रिका देवापुढे ठेवली. दुसरी घेऊन आम्ही दोघं यवतमाळला मिस्त्रींच्या घरी गेलो. मिस्त्रींच्या बायकोनं, चाचींनी, दार उघडलं. त्यांनी आम्हाला कधी पाहिलं नव्हतं.

"मी बोरीचा," दादा म्हणाला. "विहिरीवाला."

चाचींनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तू है वो? अरे, उस दिन आके खाना नहीं खाया उन्होंने. बोले, मैं तो नहीं उतरा, पर वो कल अकेला उतरेगा तो? फिर साल भर, हर बाजार के दिन, बस स्टँड पे जाके बोरीवालों कू तेरा हाल पूछते थे. घर आके बोलते, है. ठीक है."

दादा पत्रिका पुढे धरून तसाच उभा होता. शेवटी चाचींनीच ती त्याच्या हातातून घेतली आणि मुलीचं नाव मोठ्यानं वाचलं.