आग्रिलियाचे काळे गोटे

गोटे निवडणं आणि लोकांना नावं ठेवणं, या दोन कामांत सेवास्तीचा हात धरणारं आमच्या या ग्रीक बेटावर कुणी नाही. दुसऱ्या कामाला निदान शिष्या तरी बऱ्याच मिळाल्या. पहिल्याला पंचेचाळीस वर्षांत एकही नाही, कारण तिने कुणाला शिकवलंच नाही.

आमच्या गावात जुन्या घरांची अंगणं काळ्यापांढऱ्या गोट्यांच्या नक्षीची असतात. चर्चचं अंगण तर आहेच. गोटा चुन्यात आडवा निजवायचा नसतो, उभा रोवायचा असतो. त्यासाठी तो लांबट हवा, त्याचं एक टोक चपटं हवं, आणि काळा म्हणजे काळाच हवा. असे काळे गोटे फक्त आग्रिलियाच्या किनाऱ्यावर मिळतात. तिथे तीन बाजूंनी कडे आहेत, पायवाट नाही, जायचं ते होडीनेच. पूर्वी सेवास्तीची आई तिथून गोटे आणायची, पुढे सेवास्ती आणू लागली. गवंडी आले आणि गेले, पण गोटे कुणी निवडायचे, हा प्रश्न गावात कधी कुणाला पडला नाही.

यंदा तो सेवास्तीला स्वतःलाच पडला होता, कारण तिला दिसेनासं झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी ती चादरी घ्यायला म्हणून रोड्सला गेली आणि गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. समोरचं दिसणं जात जाईल, कडेचं तेवढं राहील, यावर औषध नाही, असं डॉक्टरने सांगितलं. सेवास्तीने चार चादरी घेतल्या आणि संध्याकाळच्या बोटीने घरी परतली. तिने कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. हळूहळू माणसांचे कान दिसायचे पण तोंड दिसायचं नाही, अशी गत झाली. मग ती लोकांना चालीवरून आणि खोकल्यावरून ओळखू लागली. अंधाराची तिला भीती नव्हती. दगडांचं काम गेलं की आपण नुसतीच एक म्हातारी उरणार, सुनेने सकाळी खुर्चीत बसवायची आणि संध्याकाळी उठवायची, ही भीती मात्र तिला जेवताना घास गिळू देत नसे.

तशात चर्चच्या अंगणातलं सुरूच्या झाडाचं काळं चित्र अंजिराच्या मुळांनी उखडलं. हल्ली किनाऱ्यावरचा एक गोटा खिशात घातला तरी दंड होतो. आमचे पाद्री पापा साव्वास यांनी चार महिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवून परवाना मिळवला: एक दिवस, एक फेरी, दोन पोती. पंधरा ऑगस्टला मारियामातेचा उत्सव, म्हणजे हातात जेमतेम तीन आठवडे. गोटे चुकले असते, तर मारियामातेच्या दारातच भलंमोठं भगदाड राहिलं असतं.

ओझं उचलायला सोबत सून गेली, अंथूला. सेवास्तीचा मुलगा जहाजावर असतो. चार वर्षांपूर्वी तो ही मुख्य भूमीवरची बायको घरात आणून ठेवून पुन्हा जहाजावर गेला. पहिल्याच उन्हाळ्यात अंथूलाने उत्साहाने गोट्यांची एक अख्खी टोपली भरून आणली, तीही लाटेतून उचलून. आता ओला गोटा काळाच दिसतो. वाळला की मग त्याचा खरा रंग कळतो, कुठला राखाडी, कुठला हिरवा. गोटा कोरडाच निवडायचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सेवास्तीने त्या गोट्यांची कोंबड्यांच्या खुराड्यासमोर फरशी केली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. "ही आमच्या सूनबाईंची नक्षी हं! कोंबड्यांना फार आवडली."

तेव्हापासून अंथूलाने गोट्यांना हात लावला नव्हता.

सकाळी सातला स्तेर्गोसने आपल्या होडीतून दोघींना आग्रिलियाला उतरवलं. "चारला येतो," तो म्हणाला. "तोवर भांडून एकमेकींना बुडवू नका. दोघींना परत आणीन, असा शब्द दिलाय पाद्रीबाबांना."

"तुझी होडी आधी बुडायची राहते का बघ," सेवास्ती म्हणाली.

होडी वळणाआड गेली. लाट परतताना गोटे एकमेकांवर घासत खळखळले आणि शांत झाले. सेवास्तीला या आवाजाने नेहमीच बरं वाटायचं. ती लहानपणी इथे आईच्या मागे अनवाणी फिरली होती आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडली ती इथेच आली होती. "तू सावलीत बस आणि पोतं धर," तिने अंथूलाला बजावलं आणि ती वरच्या कोरड्या गोट्यांकडे गेली.

तिथे सगळा एकच धुरकट रंग होता. तिने मान इकडे वळवली, तिकडे वळवली, डोळ्यांच्या कडेने पाहिलं, तरी काळं कुठलं आणि करडं कुठलं काही कळेना. हळूहळू ती खाली सरकत पाण्यापर्यंत आली. तिथले ओले गोटे तिच्या डोळ्यांच्या कडेलाही काळेभोर चमकत होते. सेवास्ती वाकली आणि उचलू लागली. आपण काय करतोय, हे तिला पुरेपूर कळत होतं. इतक्या वर्षांचा हात आहे, ओल्यातही चुकायचा नाही, असं ती मनाला बजावत राहिली. अंथूला एरवी दोन मिनिटं गप्प बसत नाही. ती सकाळभर गप्प होती, याचंही सेवास्तीला बरंच वाटलं.

दुपारी दोघींनी कड्याच्या सावलीत जवाचे कडक टोस्ट पाण्यात भिजवून टोमॅटो, चीज आणि ऑलिव्हबरोबर खाल्ले. जेवण झाल्यावर सेवास्तीने सवयीने पोत्यात हात घालून गोटे चाचपले. एक गोटा तिच्या बोटांना खटकला. तिने तो बाहेर काढला. मग आणखी एक काढला.

"हा कुणी घातला?"

"कुठला?"

"हा, हे लिंबू! चुन्यात उभा राहील हा? अंगणभर लोळेल. असला गोटा मी जन्मात उचललेला नाही." तिचा आवाज चढला. "माझ्या पोत्यात हात घातलास?"

"घातला."

"कुणाला विचारून?"

"आई, तुम्ही सकाळपासून पाण्यातून उचलताय." अंथूलाने पोत्यातले मूठभर गोटे काढून तिच्या पुढ्यात ठेवले. "हे वाळलेत आता. यातले निम्मे हिरवे आहेत. मी ते काढत होते आणि काळे टाकत होते. कोंबड्यांकडे दुसऱ्या फरशीला जागा नाहीये."

सेवास्तीने तोंड उघडलं. सुनेच्या माहेरापासून सुरुवात करायची तिची तयारी झाली होती. पण शब्द आला तो भलताच.

"मला दिसत नाही गं."

दोन वर्षांत ती हे पहिल्यांदाच बोलली. बोलून झाल्यावर ती वाट पाहत राहिली, जणू आता कडा कोसळणार होता. काही कोसळलं नाही. अंथूला उठली, वरच्या कोरड्या गोट्यांत गेली आणि परत येऊन तिने एक गोटा सासूच्या तळहातावर ठेवला.

"हा काळा आहे. अगदी काळा. उभा राहील का सांगा."

सेवास्तीने तो बोटांत फिरवला. टोक अंगठ्याने दाबून पाहिलं.

"नाही. पोट सुटलंय त्याचं. फेक."

"हा?"

"हा बरा आहे. पण चपटं टोक कुठाय?"

"हा?"

"हा ठेव," सेवास्ती म्हणाली. "असेच आण."

मग काम भराभर निघालं. सेवास्तीने पोत्यातले सगळे हिरवे गोटे काढायला लावले आणि समुद्राचे समुद्राला परत दिले. तिने पाय लांब करून पोतं मांड्यांमध्ये धरलं होतं. अंथूला ओंजळीओंजळीने काळे गोटे आणत होती आणि सेवास्ती बोटांनी ते पारखत होती. सुरुवातीला ती दहातले आठ फेकत होती. दोनच्या सुमाराला चार फेकू लागली. तिने सुनेच्या हाताला हात लावून गोटा कसा धरायचा, टोक कसं ओळखायचं, ते दाखवलं. हे तिच्या आईने तिला याच किनाऱ्यावर दाखवलं होतं. दाखवताना तिला इतका आनंद होईल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. इतकी वर्षं आपण हे कुणाला का दाखवलं नाही, याचा तिला रागही आला.

"याला कंबरच नाही," एक गोटा परत देत ती म्हणाली.

"आहे की. तुमच्यासारखी आहे, शोधावी लागते."

सेवास्ती खोकला लागेपर्यंत हसली. तीन वाजता दोन्ही पोती भरली, तेव्हा तिने घागरा गुडघ्यांपर्यंत खोचला आणि पाय लाटेत सोडून बसली. अंथूलाही येऊन शेजारी बसली.

धक्क्यावर पापा साव्वास आणि चारपाच बायका वाट पाहत उभ्या होत्या. पापा साव्वासनी पोत्याचं तोंड सोडलं आणि ओंजळभर गोटे उन्हात धरले.

"वा! कोळसा आहे कोळसा. सेवास्ती, तुझ्यासारखी नजर या बेटावर दुसऱ्या कुणाची नाही."

नुसतं हसून घरी जाता आलं असतं. अंथूला तर मान खाली घालून दोर गुंडाळण्यात गुंतली होती. ती बोलणार नव्हती, हे सेवास्तीला ठाऊक होतं.

"नजर हिची," सेवास्ती मोठ्याने म्हणाली. "मी फक्त चाचपले. मला काळंपांढरं कळत नाही आता. दोन वर्षं झाली, डोळे गेले माझे."

कुणी दचकलं नाही. स्तेर्गोस होडी बांधत होता, तो बांधतच राहिला. बेकरीवाली कालोतीना म्हणाली, "बरं, मग?"

"बरं मग काय? ऐकलंत ना मी काय म्हटलं ते?"

पापा साव्वास खाकरले. "सेवास्ती, चर्चची भिंत रंगवली तेव्हा तसबिरी इकडच्या तिकडे लागल्या. त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून दर रविवारी तू मारियामाता समजून संत निकोलासच्या दाढीचं चुंबन घेतेस."

बायका तोंडावर हात धरून हसत होत्या त्या आता उघड हसू लागल्या.

"आणि कुणी बोलला नाहीत?"

"तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगशील, असं ठरलं होतं सगळ्यांचं," कालोतीना म्हणाली.

"मग मेल्यांनो, मला आंधळीला गोटे आणायला पाठवलंत कशाला?"

"उभा राहणारा गोटा दुसऱ्या कुणाला कळतो इथे?" पापा साव्वास म्हणाले. "रंग ओळखायला सून होती की सोबत."

सेवास्ती दोन दिवस धुमसत होती. अख्ख्या गावाने मला दोन वर्षं फसवलं, असं ती कोंबड्यांनाही सांगत होती. "आणि तुम्ही गावाला," अंथूला आतून म्हणायची. तिसऱ्या दिवशी राग आपोआप ओसरला. त्या रात्री दोन वर्षांत पहिल्यांदा तिने पोटभर जेवून वर आणखी पाव मागितला.

रविवारी ती अंथूलाबरोबर चर्चला गेली. तसबिरींपाशी अंथूलाने तिचं कोपर हलकेच धरलं.

"आई, दोन पावलं उजवीकडे. मारियामाता तिकडे आहे."

"माहितेय," सेवास्ती म्हणाली आणि आधी नेहमीच्या जागी वाकून संत निकोलासचंच चुंबन घेतलं. "दीड वर्ष माझं सगळं रडगाणं यानेच ऐकलंय. आता एकदम ओळख दाखवली नाही, तर बरं दिसेल का ते?"

मग तिने सुनेचा हात धरला आणि दोन पावलं उजवीकडे गेली.