पूर्ण एक मिनिट

धुळ्यात आजवर जितकी पोरं खोकली असतील, त्या सगळ्यांच्या आईबापांना आमच्या चिऊचे डॉक्टर एकदा तरी रागावलेले आहेत. भर मे महिन्यात, डांबर वितळत असताना, हा गृहस्थ बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसायचा. का, तर स्वेटरच्या खिशात स्टेथोस्कोप ऊबदार राहतो. "पोराच्या छातीला गार लागतं हो! तुम्हाला लावून दाखवू?" पण स्टेथोस्कोप नंतर. आधी ते खाटेशी उकिडवे बसत, हातात किल्लीचं जुनं घड्याळ धरत आणि पोराच्या पोटाकडे टक लावून श्वास मोजत. त्या मिनिटात बोलायचं नाही, खोकायचं तर पोरानंच. एकदा एका साहेबांचा फोन तीनदा वाजला, तर तीनदा पहिल्यापासून मोजणी! अर्धं मिनिट मोजून दुप्पट करा, असं कोणी सुचवलं की संपलंच. "दुसऱ्या अर्ध्या मिनिटात पोर काय करणार, ते तुम्हाला आत्ताच कळलं का?"

चिऊ पाच वर्षांची असताना तिला फ्लू झाला आणि दोन दिवसांत त्याचा न्यूमोनिया. डॉक्टरांनी श्वास मोजले, बासष्ट; तिच्या वयाला चाळिसाच्या आत हवेत. त्यांनी लगेच ऑक्सिजन लावला, औषधं सुरू केली. आम्हाला रागावले नाहीत, तेव्हाच मी काय ते ओळखलं. मी चाचरत म्हणालो, "डॉक्टर, प्रतिकारशक्ती कमी पडली का हो? रोज च्यवनप्राश देत होतो."

"कमी?" ते म्हणाले. "अहो, उतू चाललीय!"

मला ओ की ठो कळलं नाही. एवढंच कळत होतं, की माझी पोर मासोळीसारखी तोंड उघडझाप करते आहे आणि मला काहीही करता येत नाही.

आमच्याकडे माणूस आजारी पडला की भाऊबंद गाडी भरून येतात. जो येत नाही त्याचा उद्धार पुढच्या प्रत्येक लग्नात होतो. दुसऱ्या सकाळी भडगावहून जीप आली. सतरा माणसं आणि केळीचा एक अख्खा घड. सगळ्यांत पुढे माझे चुलते, आबा. "पोर कशी शे? आम्ही बठ्ठा उनूत!" बठ्ठा म्हणजे झाडून सगळे.

आता डॉक्टर यांना फाडून खाणार, म्हणून मी डोळे मिटले. पण ते गोड हसले. आपल्या तपासणीच्या खोलीत रिकाम्या खाटेवर त्यांनी एक उशी ठेवली. "ही तुमची चिऊ समजा. या, सगळे या, बघा तिला." आणि सतरा जण खरंच शिरले! बाकाचा पाय मोडला, सलाइनचा स्टँड आडवा झाला, अक्का आत्याची चप्पल कोणाच्या तरी पायाखाली तुटली, आणि उशी कुठे गेली ते कोणालाच कळेना.

"आबा, तुम्ही मारामारी करायला आला होता?"

"नाही हो! मायेनं आलो."

"मग बाक कोणी मोडला?" आबा मोडक्या बाकाकडे बघू लागले. "तिच्या फुफ्फुसात हेच चाललंय. विषाणू एवढासा शिरला. त्याला हाकलायला तिच्याच रक्तातली फौज मायेनं धावली. आता गर्दी एवढी, की हवेला पाय ठेवायला जागा नाही. फौज हवी, पण तिनं वेळेवर मागं फिरायलाही हवं."

आबांनी टोपी सारखी केली. "चला रे, बठ्ठा खाले!"

तीन दिवस ती माणसं दवाखान्याच्या अंगणातल्या निंबाखाली पाळीपाळीनं बसून राहिली. एकानंही जिना चढला नाही. आमच्या भाऊबंदांच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं! चौथ्या सकाळी डॉक्टरांनी मोजलं, मग पुन्हा मोजलं. चौतीस. ते तडक खाली गेले, आबांशेजारी बसले आणि पेशंटकडून कधी पेढाही न घेणाऱ्या या माणसानं एकापाठोपाठ चार केळी खाल्ली. सिस्टरबाई म्हणाल्या, "दोन दिवस साहेबांनी डबा उघडला नव्हता." मी जिन्यातच बसून रडलो.

चिऊ आता सातवीत आहे. डॉक्टरांनी दवाखाना बंद केलाय. गेल्या महिन्यात ते आजारी असल्याचं कळलं, तेव्हा मी, चिऊ आणि तिची आई, आम्ही तिघंच त्यांच्या घरी गेलो. आबांना जीप काढू दिली नाही. मेच होता, अंगात तोच स्वेटर. बोलताना धाप लागून मध्येच थांबत होते. चिऊनं कोणी न सांगता टेबलावरचं घड्याळ उचललं आणि त्यांच्या खुर्चीसमोर उकिडवी बसली.

"पूर्ण मिनिट मोज हं," ते दटावून म्हणाले, आणि शहाण्या पोरासारखे गप्प राहिले.

"अठ्ठावीस," चिऊ म्हणाली.

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरांचे सगळे आकडे त्यांनी मला रागावून रागावून पाठ करून घेतले होते. म्हाताऱ्या माणसाचा त्याहून किती कमी असावा, हे तेवढं सांगायचं राहिलं होतं. मीही विचारलं नाही.