रहीमचाचांच्या ट्रकची डावी लाईट

हे लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले. कारण असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची टिंगल करण्यात आमच्या चौकात माझा पहिला नंबर होता. कळंबला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वायर जोडली की लाईट लागते, तुटली की विझते... याच्या पलीकडं काही असतं, असं मला कधी वाटलंच नाही.

गेल्या हिवाळ्यात लोहाऱ्याचे रहीमचाचा त्यांचा जुना दहा टायरी ट्रक घेऊन दुकानात आले. सत्तरीला टेकलेला माणूस, उभा जन्म स्टेअरिंगवर गेलेला. ट्रकच्या दोन्ही हेडलाईटच्या काचा पिवळ्या, धुरकट पडल्या होत्या.

"मिस्त्री, गाडीला मोतीबिंदू झालाय बघ," चाचा म्हणाले. "अन् सकाळचं धुकं लई पडायलंय."

उजवी काच मी पाणी मारत पॉलिश पेपरनं घासली, चकाकीची पेस्ट लावून मशीन फिरवलं. नव्यासारखी झाली. डावी मात्र उघडली तर आत पाणी शिरलेलं, रिफ्लेक्टर काळा पडलेला, बल्बचा होल्डर जळालेला. ती अख्खीच बदलायला हवी होती आणि पार्ट लातूरहून यायचा होता. मी बल्ब काढून ठेवला, वायरच्या टोकांना टेप गुंडाळली, लाईट परत बसवली. चाचांना सगळं दाखवलं. "एकीवर सावकाश जातो," म्हणत ते माल भरायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले ते पेढे घेऊनच!

"मिस्त्री, तुझ्या हाताला बरकत हाय! बेंबळीच्या अलीकडं धुक्यात हाताला हात दिसंना. रस्त्याच्या कडंला उसाची ट्रॉली बंद पडलेली, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. म्या सरळ आत घुसलो असतो. पण डाव्या लाईटीचा झोत पडला अन् खाली एक गोधडी हललेली दिसली. करकचून ब्रेक मारला, अन् तसाच बाजूनं गाडी काढली."

"उजव्या लाईटीनं दिसलं असंल, चाचा."

"न्हाय रे. डावी लागली व्हती. अल्ला कसम."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण दुकानात चार माणसं होती, आणि मला चेव आला. मी पाना घेतला, डावी लाईट सगळ्यांसमोर खोलली. होल्डर जळालेला, टेप जशीच्या तशी, बल्ब नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "बघा चाचा! बल्बाशिवाय लाईट लावणारे ड्रायव्हर कळंबात पहिल्यांदाच आले!"

सगळे हसले. मी सगळ्यात जास्त. शेजारच्या टायरवाल्यानं मोबाईलवर शूटिंग केलं. चाचांनी पेढ्यांचा पुडा काउंटरवर ठेवला, तोंडातल्या तोंडात "आसंल, आसंल" म्हणाले आणि निघून गेले.

लातूरहून पार्ट आला, पण चाचा न्यायला आले नाहीत. फोन केला तर त्यांच्या मुलानं, अस्लमनं उचलला. म्हणाला, "अब्बांना आता गाडीवर बसू देत नाही. त्यांना भास व्हायला लागलेत." मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू... पण मनात आलं, बरं झालं, म्हातारपणी धोका नको.

मग एक दिवस उसाचा ट्रॅक्टर दुकानासमोर थांबला. ट्रॉलीला मागच्या लाईटी बसवायच्या होत्या. वर ऊसतोडीची माणसं बसली होती. त्यातली एक बाई, कौसाबाई, लेकीला काखेत घेऊन खाली उतरली.

"दादा, चांगल्या झगझगीत बसवा. बेंबळीपाशी लेकरू जाता जाता ऱ्हायलंय."

माझ्या हातातली वायर तशीच राहिली. मी विचारलं, "ट्रक होता का?"

"व्हय. ट्रॉली बंद पडली म्हून हिला मागं कडंला गोधडीत निजवली, अन् म्या पाणी बघाया गेले. परत येते तर धुक्यातनं ट्रक आला. पळावं म्हनलं तर पायच उचलंना."

"एकच लाईट होती ना त्याला?"

"न्हाय वो, दोन व्हत्या. एकीचा उजेड तिकडं रस्त्यावर पडला व्हता. दुसरीचा सरळ माझ्या लेकरावर. डोळं दिपलं म्हून तिनं गोधडी तोंडावर वढली, तवाच ट्रक थांबला."

मी तिला दोनदा, तीनदा विचारलं. ती शेवटी चिडली. "म्या डोळ्यानं बघितलंय, दादा. खोटं कशापायी बोलू?"

पुढच्याच रविवारी मी लोहाऱ्याला गेलो. अस्लम दारातच भेटला. मी त्याला बाईचं सगळं सांगितलं. म्हणालो, "चाचा खरं बोलत होते. त्यांना गाडी चालवू द्या."

त्यानं शांतपणे मोबाईल काढला आणि टायरवाल्याचा तो व्हिडिओ लावला, फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचलेला. जळालेला होल्डर, टेप, आणि मग माझं हसणं... मी असा हसतो, हे मला माहीत नव्हतं.

"मिस्त्री, हे तुम्हीच दाखवलंत ना? बल्ब नव्हता, हे खरं का खोटं?"

"खरं."

"मग? आता मी काय मानू, सांगा."

चाचा आत बाजेवर बसले होते, सगळं ऐकत होते. मी आत जाऊन त्यांच्या पायाशी बसलो. "चुकलो, चाचा," एवढंच निघालं तोंडातून.

त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ते पुढं वाकले आणि म्हणाले, "गोधडीत लेकरू व्हतं?"

"हो. मुलगी."

"मला वाटलं कुत्रं असंल." मग विचारलं, "बरी हाय ना पोरगी?"

बरी आहे, म्हणालो. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. माझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ट्रक आता अस्लम चालवतो. डावीकडं नवी लाईट मीच बसवून दिली. जुनी मी पुन्हा पुन्हा तपासली, वायरी मीटर लावून बघितल्या. ती लागणं शक्यच नव्हतं, आजही हेच सांगेन. पण ती लागली होती, हे सांगणारी दोन माणसं आहेत, आणि ती एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. कुणाला कारण सुचलं तर जरूर सांगा... मी यावेळी हसणार नाही.