बाईंनी न काढलेला दाखला

सुमन हांडेबाईंची आणि माझी पहिली भेट घोडेगावजवळच्या आमच्या शाळेत झाली. त्या मुख्याध्यापिका, मी नुकताच रुजू झालेला इतिहासाचा शिक्षक. पहिल्या दिवशी वर्गाच्या दाराशी उभं राहून त्यांनी मी हजेरी घेताना ऐकलं. नंतर एवढंच म्हणाल्या की, नाव घेताना वहीकडे नाही, पोराकडे बघत जा. बाईंच्या शिस्तीवर आणि अध्यापनावर या गौरवग्रंथात मान्यवर लिहितीलच. मला एकाच वर्षाबद्दल लिहायचं आहे, आणि ते रागानं लिहितो आहे.

मुंबईतल्या एका व्यापाऱ्याच्या खुनाचा खटला तेव्हा देशभर गाजत होता. हिंदी वाहिन्या दिवसभर तेच दाखवत. आरोपींमध्ये व्यापाऱ्याचा ड्रायव्हर होता, तो आमच्या गावचा. त्याची मुलगी सुवर्णा आमच्याकडे दहावीत होती. बापानं गुन्हा केला होता, पुढं त्याला जन्मठेप झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्याबद्दल.

गावात कॅमेरे आले आणि माणसांना चेव चढला. ज्यांनी त्या ड्रायव्हरला कधी धड पाहिलं नव्हतं, ते माईकसमोर त्याचं बालपण सांगू लागले. पालकांनी आपापल्या मुली सुवर्णाच्या बाकावरून उठवल्या. मग शाळा समितीचे चौघे बाईंच्या खोलीत आले. पोरीचा दाखला काढून द्या, शाळेचं नाव जातंय, असं त्यांचं म्हणणं. मी तिथंच होतो. एक जण म्हणाले, "बाई, आमी काय पोरीच्या वाईटावर न्हाई. पण गावाचं बी बघा."

"दाखला पालक मागतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिचे कोण?"

चहा तसाच टाकून मंडळी उठली. त्यानंतर वर्षभर बाईंना समितीकडून नोटिसांवर नोटिसा आल्या. त्यांनी प्रत्येकीला उत्तर दिलं, पण दाखला काढला नाही.

समितीची माणसं येऊन गेली त्याच आठवड्यात दहावीच्या वर्गाचा फोटो टीव्हीवर झळकला. सुवर्णाच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ होतं. तो फोटो वाहिनीला मी दिला होता. पैसे घेतले नाहीत. बातमीदारानं "सर, सर" केलं, कॅमेरा माझ्याकडे वळवला, तेवढ्यावर मी विरघळलो. बाईंनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. त्या म्हणाल्या, "ज्यानं दिला त्यानं मला सांगू नये. तिला सांगावं."

सुवर्णा शाळेत येईना. चौथ्या दिवशी बाई एसटीनं तिच्या वाडीवर गेल्या आणि तिला घेऊन आल्या. वर्गात तिच्या शेजारची जागा रिकामी होती. बाई तिथं जाऊन बसल्या आणि पूर्ण तास बसून राहिल्या. तास माझा होता. त्या दिवशी मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

सुवर्णा दहावी पास झाली. आज ती पुण्यात नर्स आहे. हा लेख लिहिण्याआधी मी तिला जाऊन भेटलो आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. माफ केलं नाही. तिचं बरोबरच आहे.

बाईंच्या साठीनिमित्त शाल-श्रीफळ द्यायला समितीचे तेच चौघे पुढं आहेत. त्यांनीही आधी सुवर्णाकडे जाऊन यावं.

बाई, तुम्हाला शंभर वर्षांचं आयुष्य लाभो, आणि हातपाय धड राहोत. उद्या पुन्हा गावात कॅमेरे आले, तर आमच्यावर माझा अजून भरवसा नाही.